चार नंबरची बाटली

नातीला माझी कॉलेजातली प्रयोगवही हवी आहे. ती पर्यावरणशास्त्र शिकते. अख्खी पदवी त्याच एका विषयाची. आमच्या वेळी हा विषय म्हणजे रसायनशास्त्राच्या पुस्तकातला शेवटचा धडा होता, परीक्षेआधी वेळ उरला तर करायचा. आता तिला तिच्या प्रकल्पासाठी देवासच्या जुन्या विहिरींचे आकडे हवेत आणि ते कुठल्याच दफ्तरात मिळत नाहीत. मग तिला आठवलं, की आजी कधीतरी जेवताना फुशारकी मारत होती, 'आम्ही तेव्हाच पाणी तपासलं होतं हो.'

"आजी, तुझ्याकडे चार नंबरच्या विहिरीचं रीडिंग आहे ना? तेव्हा ते पाणी चांगलं होतं, हे लिहिलेलं मिळालं तर बास. मग पुढे ते कसकसं बिघडत गेलं ते मला मांडता येईल."

शोधते, असं मी तिला सांगितलं. थाप होती ती. वही ट्रंकेत सर्वांत खाली, लग्नातल्या शालूच्या घडीत आहे, आणि ती मला डोळे बांधून काढता येईल. आकडा वहीत आहे, सुंदर अक्षरात आहे, खाली लाल शाईनं सरांची सही आहे. फक्त तो आकडा त्या विहिरीचा नाही.

हे मी आजवर कुणाला पुरतं सांगितलेलं नाही. पोरीला तोंडानं सांगायला गेले तर मी मध्येच विनोद करीन आणि ती हसेल आणि विषय संपेल. मला माझी चांगली ओळख आहे. म्हणून आधी लिहून काढते.

आम्ही मूळचे धारचे. म्हणजे पणजोबा संस्थानच्या नोकरीत आले तेव्हापासूनचे. संस्थान गेलं, नोकऱ्या गेल्या, घरात उरले फक्त 'अहो-जाहो' आणि सोवळं. धारला साडेबारा तलाव आहेत असं म्हणतात. बारांची नावं मोठी माणसं सांगायची, अर्धा कुठला ते कुणी नक्की सांगत नसे. मी लहानपणी ठरवून टाकलं होतं, की तो अर्धा म्हणजे आमच्या शाळेमागचं डबकं. त्या डबक्यातला एक थेंब विज्ञानाच्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. त्यात काहीतरी हिरवं, केसाळ, वळवळणारं होतं. बाकीच्या मुली ईऽऽ म्हणाल्या. मी त्या दिवसापासून शास्त्रज्ञ झाले, ते माझ्याखेरीज कुणाला कळलं नाही इतकंच.

पदवीसाठी मी देवासला मावशीकडे राहायला गेले. मला हवे ते विषय धारला एकत्र मिळत नाहीत, असं मी घरी सांगितलं होतं. खरं कारण असं, की धारमध्ये कुठल्याही रस्त्यानं निघालं तरी कोपऱ्यावर वडिलांना ओळखणारं कोणीतरी उभं असायचं. वडिलांनी पाठवलं, पण एका अटीवर. कुक्षीला एक स्थळ वाट बघत होतं. मुलगा तहसील कचेरीत, घरची कपाशी. वडील म्हणाले, "मावशीकडून एक तक्रार आली, की कॉलेज बंद. मी कुक्षीला पत्र टाकीन." एवढ्याच शब्दांत. आमच्या घरी धमक्यासुद्धा शुद्ध मराठीत आणि हळू आवाजात देत.

मावशीचे यजमान महाराष्ट्रातून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेले. देवास तेव्हा नुसतं धूर ओकत वाढत होतं. टेकडीवरून पाहिलं तर एका बाजूला जुनी वस्ती, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेड आणि मधून आग्रा-मुंबई रस्ता, त्यावर ट्रकच ट्रक. काका पक्के माळवी झाले होते. दूधवाल्यालाही 'भिया', म्हणजे भाऊ, आणि साहेबालाही 'भिया'. मावशी मात्र जिथून आली तिथेच होती. तिचं सोवळं इतकं कडक, की सकाळी दहापर्यंत घरात आपण माणसं आहोत की विटाळ आहोत, हेच समजत नसे. पाणी नळाला दिवसाआड. तिचे हंडे वेगळे, आमचे वेगळे.

आठवड्यातून एकदा मागच्या दारी एक बाई केरसुण्या आणि टोपल्या घेऊन यायची. वय असेल चाळिशीचं, पण हाडं पार वर आलेली. नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायची. मावशी तिला पाणी द्यायची ते वरून, ओंजळीत, धार तुटू न देता. एकदा ओंजळ पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "बई, मीठो पाणी हे थांको. म्हारा कुवा को पाणी तो खारो. दाल नी गले."

डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. पूर्वी असं नव्हतं, दोन-तीन वर्षांत झालं. वस्तीतल्या बायका मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या एका वखारीच्या नळावरून प्यायचं पाणी आणत होत्या. वर्षभरापूर्वी एकीला ट्रकचा धक्का लागला होता.

हे सगळं तिनं मला सांगितलं. म्हणजे चार नंबरच्या विहिरीचा पूर्ण अहवाल मला मागच्या दारात, एका केरसुणीच्या किमतीत मिळाला होता. पण त्याला कोण अहवाल म्हणतो! आमच्या शास्त्रज्ञ बाईंना, म्हणजे मला, आकडा हवा होता.

मी रसायनाच्या सरांना सांगितलं. सर भले होते. इंदूरकडचे, हिंदी बोलणारे, सदरा चुन्यानं डागाळलेला. 'पर्यावरण' हा शब्द त्यांनी कुठेतरी वाचला होता आणि नवीन चप्पल घातल्यासारखे ते तो शब्द घालून हिंडत असत. त्यांनी लगेच पाच विहिरींचं काम मला नेमून दिलं, आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या ओळखीच्या उपअभियंत्याला भेटून आले. परत आले ते खुशीत.

"सुनो बेटा, इस साल का एक ही हैंडपंप बचा है. दो बस्तियाँ माँग रही हैं. वो बोला, जिसका पानी ज़्यादा खराब हो, कॉलेज से लिखवा के ला दो, उसी को दे दूँगा. सोमवार तक."

दोन वस्त्यांपैकी एक नाल्यापलीकडची, चार नंबरची. दुसरी, पाच नंबरची, स्टेशनाच्या अंगाला. तिथलंही पाणी वाईटच होतं, पण इतकं नाही असं ऐकून होतो. म्हणजे आता माझ्या कागदावर एका वस्तीचं पाणी ठरणार होतं. एकोणीस-वीस वर्षांची मी. मला काय वाटलं म्हणता? भीती? छे. मला वाटलं, आपण पांढरा कोट शिवून घ्यावा.

कॉलेजात बुचाच्या बाटल्या पुरेशा नव्हत्या. सर म्हणाले, घरून स्वच्छ काचेच्या आण. काकांनी कारखान्याच्या दवाखान्यातून औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या, चपट्या, अंगावर मात्रांच्या रेघा उठवलेल्या. मावशीनं त्या राखेनं घासून उन्हात वाळवल्या होत्या. एकूण सात. त्यातल्या दोन तिनं आधीच भरल्या होत्या. ती नेमावरला जाऊन नर्मदास्नान करून आली होती, आणि त्या बाटल्यांत नर्मदेचं पाणी होतं. शुक्रवारी संध्याकाळी पूजा होती. आपली मराठी मंडळी बोलावून, बाटली फोडून, सगळ्यांना तीर्थ द्यायचं होतं. उरलेल्या पाच बाटल्या मला मिळाल्या.

गुरुवारी दुपारी मी पाच विहिरी फिरले. नाल्यापलीकडच्या विहिरीवर त्या बाईनंच मला पाणी काढून दिलं. तिनं दोर हातात घेतला आणि थबकली. म्हणाली, "म्हारा हाथ को चालेगो?"

मी म्हटलं, "साइंस में ऐसा कुछ नहीं होता."

वा रे साइंस! तीच मी घरी येऊन मावशीला काय सांगितलं? "सगळं म्युनिसिपालटीच्या विहिरींचं पाणी आहे मावशी, रामाच्या देवळाजवळच्या." ज्या विहिरीचं नाव काढलं तरी ती घरात गोमूत्र शिंपडेल, तिचं पाणी मी पिशवीत घालून घरात आणलं होतं. विज्ञान माझं मागच्या दारापर्यंतच होतं. उंबऱ्याच्या आत आले की मी धारच्या वडिलांची मुलगी.

सरांनी बजावलं होतं, नमुने थंड आणि अंधाऱ्या जागी ठेव. त्या घरात थंड आणि अंधारी जागा एकच, देवघराच्या कट्ट्याखालचा फरशीचा खण. नर्मदेच्या बाटल्याही तिथेच होत्या. मी माझ्या बाटल्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, त्यावर एक ते पाच आकडे घातले आणि ओळीनं मांडून ठेवल्या. पट्ट्या चिकटवायला डिंक नव्हता. मग कणकेची खळ शिजवली.

ज्यांच्या घरी सोवळं नव्हतं त्यांना इथे सांगायला हवं, की शिजवलेली कणीक म्हणजे खरकटं. आणि देवघरात खरकटं म्हणजे... जाऊ द्या. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. लहानपणापासून ऐकत आले होते. पण मी त्या वेळी खळीकडे शास्त्रीय दृष्टीनं पाहत होते.

सकाळी मावशी सोवळ्यात देवघरात गेली. तिला खणात पाच बाटल्यांना खरकटं फासलेलं दिसलं. ती ओरडली नाही. तिनं माझी सगळी बाटल्यांची फौज बाहेर काढली, पट्ट्या खरवडून धुतल्या, काच लख्ख पुसली आणि सातही बाटल्या पुन्हा ओळीनं, अगदी छान मांडून ठेवल्या. मी आंघोळ करून आले तेव्हा ती म्हणाली, "देवघरात उष्टं-खरकटं ठेवतेस? आईनं काही शिकवलं नाही का ग? धुऊन ठेवल्यात."

सात बाटल्या. सगळ्या सारख्या. सगळ्यांतलं पाणी नितळ. बाहेर टेंपो हॉर्न वाजवत होता. टेंपोवाला ओरडला, "चलना हो तो चलो, भिया!" तो बायकांनाही भियाच म्हणायचा.

तिथे थांबायला हवं होतं. एवढंच. टेंपो सोडायला हवा होता, पुन्हा विहिरींवर जायला हवं होतं. एका दिवसाचं काम. पण माझी स्मरणशक्ती फार चांगली आहे असा माझा तेव्हा समज होता. मी डोळे मिटले, काल बाटल्या कशा ठेवल्या होत्या ते मनात आणलं. मावशीच्या दोन डाव्या टोकाला, मग माझा एक, दोन, तीन. तशा पाच उचलल्या आणि शाईच्या पेन्सिलीनं बुचांवर आकडे घातले. टेंपोत बसून. हलत्या टेंपोत.

प्रयोगशाळेत दिवस झकास गेला. पाण्यात मीठ किती आहे ते काढायचं असेल तर त्यात पिवळा सूचक घालून थेंबाथेंबानं रुप्याचा क्षार सोडतात. पिवळं पाणी विटकरी झालं की थांबायचं. जितके थेंब जास्त, तितकं पाणी खारट. पाच नंबरला बरेच थेंब लागले. एक, दोन, तीन ठीकठाक. आणि चार नंबर? चारच थेंबांत विटकरी.

सर चष्मा वर करून म्हणाले, "इतनी जल्दी? दुबारा करो."

पुन्हा केलं. तोच आकडा, तंतोतंत. इतकं सुबक काम माझ्या हातून पुन्हा कधी झालं नाही.

"तो पानी मीठा है," सर म्हणाले. "लोग भी ना, पंप के लालच में कुछ भी बोल देते हैं."

मी मान डोलावली. मी! जिला त्या बाईनं सांगितलं होतं की डाळ शिजत नाही. मला वाटलं, डाळ जुनी असेल.

संध्याकाळी पूजा झाली. पंधरा-वीस माणसं, सगळी आपलीच. कारखान्यातले दोघे-तिघे सहकुटुंब, देवळातले गुरुजी, जुन्या दरबारी घरातल्या एक वयस्कर बाई. मावशीनं एक बाटली उघडली, तांब्याच्या पंचपात्रीत ओतली, तुळशीचं पान टाकलं आणि पळीनं एकेकाच्या हातावर तीर्थ देत आली. माझ्या तळहातावर थेंब पडले. मी ते तोंडात घेतले.

खारट.

आसवांसारखं वगैरे काही नाही. सरळ, रोखठोक खारट, आणि मागे जिभेवर काहीतरी कडवट रेंगाळणारं. मला तत्क्षणी कळलं. चारच थेंबांत विटकरी झाली ती नर्मदा होती. आणि ही, जी वीस सोवळी माणसं डोळ्यांना लावून पीत होती, ही नाल्यापलीकडची विहीर होती.

काकांनी जीभ टाळ्याला लावून पाहिली. "अग, नर्मदा जरा खारट झालीये का यंदा?"

"गप बसा हो," मावशी म्हणाली. "तीर्थाची चव पाहतात का?"

सगळे हसले. गुरुजीही हसले. मी गिळलं.

मी आजही कधी कधी त्या मुलीला शेजारी बसवते आणि विचारते, बोल की ग. काय झालं असतं? ती मला यादी देते. मावशीला समजलं असतं, की तिच्या देवघरात, तिच्या पळीतून, अख्ख्या मंडळींना कुठल्या विहिरीचं पाणी गेलं. तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पत्र धारला गेलं असतं. धारहून कुक्षीला. पदवी अर्ध्यावर. यादी बरोबर आहे. मी तपासून पाहिली आहे, तीत एकही चूक नाही. दुसऱ्या पारड्यात एक पंप होता.

शनिवारी कॉलेजात गेले ती सांगायचं ठरवूनच. निदान सरांना. सर टेबलापाशी कागद लिहीत बसले होते. मला पाहून म्हणाले, "लड़कों से इतना साफ़ काम नहीं होता. तुम्हारे दोनों रीडिंग देखो, कैसे मिले हैं!" त्यांनी माझ्या वहीवर लाल शाईनं सही केली आणि वही बंद करून माझ्या हातात दिली.

"कुछ कहना था?"

"जी नहीं सर."

कागद सोमवारी कचेरीत गेला. पंप पाच नंबरला मिळाला. त्यांना गरज होतीच, हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिले.

बुधवारी ती बाई आली. टोपल्या खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "बई, कई निकल्यो कागद में?"

मावशी आत डाळ निवडत होती. मागचं दार उघडं होतं. मी म्हटलं, "अच्छा निकला. पानी ठीक है."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मी कदाचित त्या भांडणात बोलून गेले असते. ती म्हणाली, "तो फेर म्हारी जीभ खोटी." मग थोड्या वेळानं, जरा हलकं झाल्यासारखी, "थें भण्या-गुण्या हो. थें कियो तो ठीक ही होयगो. अबे सड़क पार नी जाऊँ. घुटना दुखे."

मी शिकलेली, मी म्हणते तर ठीकच असेल. आता रस्ता ओलांडून जाणार नाही. गुडघे दुखतात.

पंप हुकला हे एक वेळ मी सरांच्या, अभियंत्याच्या, कुणाकुणाच्या वाटणीला घातलं असतं. पण ती माझ्या शब्दावर त्या विहिरीचं पाणी प्यायला लागली. हे निव्वळ माझं.

पाऊस चांगला लागल्यावर, आषाढात, मी गुपचूप चार नंबरला गेले. पट्टी नाही, खळ नाही, बाटली दिवसभर छातीशी. कॉलेजात एकटीनं तपासलं. थेंब जरा जास्त लागले, पण फार नाही. पावसानं विहीर काठोकाठ भरली होती, त्यात सगळं पातळ झालं होतं. हे कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. आमटीत पाणी वाढवलं की ती आळणी लागते, हे मावशीच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक असेल. मी वहीत लिहिलं, 'पुनर्तपासणी. गुणवत्ता समाधानकारक.' आणि त्या रात्री मला शांत झोप लागली. त्या झोपेची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

पदवी मिळाली. प्रथम श्रेणी. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी विहिरींचंच विचारलं आणि मी फडाफडा बोलले. नमुना कसा घ्यावा, बाटली तीनदा कशी विसळावी, कुठे ठेवावी. "ठंडी और अँधेरी जगह," मी म्हटलं. आवाज जराही हलला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात केरसुण्या घेऊन दुसरीच बाई आली. मी विचारलं, "पहले जो आती थी?"

"खाट पे हे. पग सूजी गया. मूंडो भी."

पाय सुजले, तोंडही. कशानं, ते मी सांगू शकत नाही. त्या पाण्यानं की आणखी कशानं, हे कुणी तपासलं नाही, आणि तपासायला शिकलेली जी एक मुलगी त्या गल्लीत होती तिला तपासायचं नव्हतं. एक दिवस मी निघाले. हातात मोसंब्यांची पिशवी. नाल्यापर्यंत गेले. पलीकडे त्या विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. मी अलीकडे उभी राहिले. मग पिशवी घेऊन परत आले आणि ती मोसंबी आम्ही घरातच खाल्ली. काका म्हणाले, "गोड निघाली भिया."

कुक्षीचं स्थळ शेवटी झालंच. ज्याच्या भीतीनं मी तोंड शिवून घेतलं, त्याच माणसाशी दोन वर्षांनी माझं लग्न लागलं, आणि तो साधा, हसरा, मुळीच घाबरण्याजोगा नसलेला माणूस निघाला. त्यांची धारला बदली झाली आणि मी एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. मुलींना तळ्याचा थेंब दाखवला. विहिरीवर कधी नेलं नाही.

ऐंशीचं दशक सरता सरता मावशी अंथरुणाला खिळली. मी देवासला गेले, आठ दिवस राहिले. सोवळं सुटलं होतं. कुणाच्याही हातचं पाणी प्यायची. एक दिवस दुपारी मी चमच्यानं तिच्या तोंडात पाणी घालत होते. तिनं दोन घोट घेतले आणि म्हणाली, "ते खारट होतं."

"काय मावशी?"

"ते तीर्थ. मीच आधी घेतलं होतं ना. मला पहिल्याच पळीला कळलं, बाटल्या बदलल्या. माझ्याच हातून." तिनं चमचा हातानं बाजूला सारला. "तू बोलशील म्हणून मी वाट पाहिली. तू बोलली असतीस तर मीही कबूल केलं असतं. तू गप्प बसलीस, मग मीही बसले. वीस माणसांना पाजलं होतं ग."

मला हसू आलं. खरंच आलं, फार वाईट हसू. दहा वर्षं आम्ही एका घरात आणि पत्रांतून एकमेकींना घाबरत होतो.

"कुठल्या विहिरीचं होतं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. मला वाटलं आता ती तोंड फिरवेल. ती छताकडे पाहत म्हणाली, "त्या टोपलीवालीच्या? ती गेली. कळलं होतं का तुला? पंप बसला नंतर तिकडे. ती गेल्यावर."

मला कळलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं कधी.

इथवर लिहून ठेवलं होतं. काल नात आली. मी वही काढून समोर ठेवली आणि हे सगळं सांगितलं. विनोद दोनच केले. ती पोरगी हसली नाही. तिनं वही उघडली, चार नंबरची ओळ काढली, सरांची लाल सही बोटानं चाचपली. मी पेन घेतलं आणि आकड्याशेजारी लिहिलं, 'हे पाणी नेमावरच्या नर्मदेचं आहे. विहिरीचं नाही.' खाली तारीख आणि माझी सही. आषाढातल्या ओळीखाली लिहिलं, 'भर पावसातलं पाणी. याचा आधार घेऊ नये.'

नातीनं दोन्ही ओळी वाचल्या. मग तिनं शास्त्रज्ञासारखा प्रश्न विचारला. मी कधी विचारला नव्हता तसा. "मग खरा आकडा काय होता?"

"नाही ठाऊक."

"किती खारट होतं?"

मी उठले. स्वयंपाकघरातून मोजायचं भांडं, गाळलेलं पाणी आणि मिठाची बरणी घेऊन आले. चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं, तळहातावर घेऊन चाखलं. नाही. आणखी एक चिमूट. जवळ आलं, पण तो मागचा कडवटपणा नव्हता.

"आजी, असं चालत नाही ग," ती म्हणाली. "असा आकडा कुणी घेणार नाही."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "तू लिही. दोन चिमटी झाल्या."

तिनं वहीचं कोरं पान उघडलं. मी तिसरी चिमूट घातली.